धुरपता टॉकीजच्या भोंग्याचे यशस्वी जतन

आंधळगाव येथील धुरपता टॉकीज बंद पडली आहे, ही बाब ती बंद पडून एक पिढी उलटल्यावर संबंधितांच्या लक्षात आली. मधल्या काळात तिथे धानाचे कट्टे, म्हणजे भाताची पोती, ठेवले जात होते. कट्ट्यांनी कधी शिट्टी मारली नाही, खुर्च्या फाडल्या नाहीत, मध्येच उठून बाहेर गेले नाहीत. इतका शिस्तबद्ध प्रेक्षक टॉकीजला पूर्वी कधीही लाभला नव्हता.

मालक जागेश्वर याला टॉकीज पुन्हा सुरू करायची होती. कारण कलाप्रेम नव्हते. कारण त्याची आई होती.

रंभाबाईंचे कान गेले होते. टीव्ही, मोबाइल, शेजारीण आणि डॉक्टरांनी दिलेले कानातले यंत्र यांपैकी काहीही त्यांच्यापर्यंत पोचत नसे. मात्र एकदा जागेश्वर उंदीर हुसकायला टॉकीजमध्ये शिरला आणि सहज म्हणून त्याने पडद्यामागच्या भोंग्याला तार जोडून एक गाणे लावले. भोंगा जुन्या काळचा. लाकडी पेटीवर पत्र्याचे रुंद तोंड, आत एक माणूस मावेल एवढे. टॉकीजच्या दारात तांदूळ निवडत बसलेल्या रंभाबाईंनी मान वर केली.

"कोन गाऊन रायलं रे?"

"माय! तुले आयकू आलं?"

"तोंड कायले हालवतं? तुहं नाई आयकू येत. हे येते." त्यांनी सूप बाजूला ठेवले आणि गाणे संपेपर्यंत डोळे मिटून बसून राहिल्या. मग म्हणाल्या, "जागू, एक अख्खा पिक्चर आयकव बापा मले. मंग मेली तरी चालते."

जागेश्वरने त्याच दिवशी एक सिनेमा लावला असता तर ही कथा येथेच संपली असती. पण पडद्याला भोक होते. लहान गावांतल्या चित्रगृहांच्या पुनरुज्जीवनासाठी एक अभियान निघाले असून त्यात नवा पडदा मिळतो, असे त्याच्या कानावर आले. त्याचे कान शाबूत होते. त्याने अर्ज केला.

(स्लाइड: कृपया शांतता राखा. जतन सुरू आहे.)

अभियानाच्या वतीने वारसा सल्लागार भावना मॅडम आल्या. कट्ट्यांमधून वाट काढत त्या पडद्यामागे गेल्या, भोंग्यासमोर थांबल्या आणि त्यांनी चपला काढल्या.

"हा भोंगा नाही," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "हा वारसा आहे."

"हाव मॅडम. पन बेस वाजते."

"वाजतो?" मॅडमनी मागे वळून पाहिले. "म्हणजे तुम्ही तो वाजवलात?"

जागेश्वरला आपल्या हातून नेमके काय घडले हे कळले नाही, पण त्याने मान खाली घातली. वारसा वस्तूचा तिच्या मूळ कामासाठी वापर केल्याबद्दल त्याला तोंडी समज देण्यात आली. पहिला अपराध असल्याने कारवाई टळली. तार तेवढी काढून घेतली गेली.

"मॅडम, माह्या मायले एक पिक्चर आयकवाचा आहे. दुसरं काई नाई."

"ऐकवू ना. नक्की ऐकवू. आधी जतन होऊ द्या."

जतनाच्या कामात पहिलाच पेच तात्त्विक होता. भोंगा साफ केला तर आवाज बदलणार. बदललेला आवाज मूळ नव्हे. मूळ नसलेल्या आवाजाचे जतन करणे म्हणजे फसवणूक. सबब, मूळ आवाज कसा होता हे आधी निश्चित करावे असे ठरले आणि त्यासाठी टॉकीजसमोर मांडव टाकून जनसुनावणी घेण्यात आली. चहा होता. गाव लोटले.

जुन्या प्रेक्षकांच्या साक्षी निराशाजनक निघाल्या. एकाला फक्त स्वतःची शिट्टी आठवत होती. एकाला शेजारच्या बाकावरची मुलगी आठवत होती. तिचे पुढे काय झाले हे तो सांगू लागला तेव्हा त्याच्या बायकोने त्याला खाली बसवले. एकाने प्रामाणिकपणे सांगितले, की तो दर रविवारी तिकीट काढून झोपायला जात असे, कारण घरात पंखा नव्हता.

शेवटी धनीराम उठला. तलावात जाळे टाकण्यात त्याचा जन्म गेला होता.

"म्या या टाकीजात एकबी पिक्चर पाह्यला नाई," तो म्हणाला. "आयकले मात्र सबन."

"कुठून?" मॅडमनी पेन उघडले.

"तलावाच्या पाळीवरून. भोंगा असा वाजे का पान्यावरून आवाज सरसर येऊन जाये. मारामारी सुरू झाली का मासोळी बुडी मारे. गानं लागलं का वर येये. अन् हिरोइन रडू लागली ना मॅडम, का मरळ बराबर जाळ्यात!"

मांडवात टाळ्या पडल्या. जागेश्वर त्याच्या कानाशी लागला.

"काका, कायले फेकून रायले? माह्या मायची गोष्ट आहे."

"चूप बे. जिनगीत पयल्यांदा माहं बोलनं कोनी लिवून घेऊन रायलं. दोन मासोळ्या वाढीव बोलू दे."

सर्व साक्षींपैकी सुसंगत अशी ही एकच असल्याने ती ग्राह्य धरण्यात आली. तलावाची पाळ हा धुरपता टॉकीजचा अधिकृत श्रवणबिंदू घोषित झाला. तिथे ग्रॅनाइटचा दगड बसला. दगडाच्या अनावरणाला धनीरामला शाल मिळाली आणि त्या दिवसापासून तो जाळे टाकायचा बंद झाला, कारण श्रवणबिंदूपासून ठराविक अंतरात मासेमारीस मनाई आहे.

(येथे रीळ तुटते. प्रेक्षकांनी बसून राहावे.)

(रीळ जोडले आहे. मधला थोडा भाग गेला. त्यात फक्त बैठका होत्या.)

आता भोंगा पाळीपर्यंत ऐकू जायला हवा, हे ओघाने आले. पण तेवढा वाजवला तर टॉकीजच्या दारात आवाजाची कायदेशीर मर्यादा ओलांडली जाते, हेही ओघाने आले. दोन्ही बाजू योग्य असल्याने तज्ज्ञांनी मध्यममार्ग काढला. पाळीवर एक छोटा स्पीकर लावायचा. सिनेमाचा आवाज थेट तिथे सोडायचा. भोंग्याला वाजण्याच्या त्रासातून कायमचे मुक्त करायचे. त्याला रंगरोगण करून काचेच्या पेटीत ठेवायचे.

"पन मॅडम, माय तर टाकीजात बसन ना? तिले तो लहानसा स्पीकर आयकू नाई येत. तिले भोंगाच येते."

"त्यांना पाळीवर बसवा."

"तिथंबी लहानसाच हाय ना!"

"हे बघा, जागेश्वर," मॅडम समजुतीने म्हणाल्या. त्या खरेच वाईट नव्हत्या. "आपण एका व्यक्तीसाठी वारसा वाजवू शकत नाही. तो सगळ्यांचा आहे."

काचेची पेटी बसल्यावर नवी अडचण उभी राहिली. समोर पडदा असल्यामुळे भोंगा दिसत नव्हता. न दिसणाऱ्या वारशाला पर्यटक येत नाहीत. दोष अर्थातच पडद्याचा होता. त्यामुळे नवा पडदा भोंग्याच्या पाठीमागे लावण्यात आला. चाचणीच्या वेळी सिनेमा काचेवर पडला आणि नायकाचे डोके भोंग्याच्या तोंडात अदृश्य झाले. उपस्थितांनी हा प्रयोग नावीन्यपूर्ण असल्याचे मत नोंदवले.

राहिल्या खुर्च्या. त्यासाठी लोकसहभागाचा मार्ग निवडला गेला. कट्टे, धूळ आणि एक कबुतर दाखवणारा व्हिडिओ तयार झाला. मागे बासरी होती. गाव सोडून नागपूर, पुणे आणि त्याही पलीकडे गेलेल्यांनी तो पाहिला आणि त्यांचे ऊर भरून आले. "एक खुर्ची, एक आठवण" या योजनेत सगळ्या खुर्च्या बघता बघता गेल्या. प्रत्येक खुर्चीवर देणगीदाराच्या नावाची पितळी पाटी लागली. खुर्ची त्याच्यासाठी कायमची राखीव. दुसऱ्याने बसू नये, कारण आठवणीवर कोणी बसलेले चांगले दिसत नाही.

उद्घाटनाच्या दिवशी दारावर हाऊसफुल्लची पाटी झळकली. आत कोणीही नव्हते.

फीत कापून पाहुणे भोंग्यासोबत फोटो काढून जेवायला गेले. रंभाबाई नवे लुगडे नेसून, डोक्याला तेल लावून, जागेश्वरचा हात धरून आल्या. गळ्यात ओळखपत्र घातलेल्या द्वाररक्षकाने त्यांना अडवले.

"आजी, जागा नाही."

आजींना ते ऐकू गेले नाही. त्यांनी दारातून आत डोकावून पाहिले. दिवे लागले होते. लाल खुर्च्यांच्या रांगा चकचकत होत्या.

"कोनीच कसं आलं नाई रे, जागू?"

"भाऊ, बसू दे ना तिले," जागेश्वर म्हणाला. "सबन खाली हाय."

"खाली नाही, राखीव आहे. मूळ देणगीदाराची संमती आणा, मी स्वतः हात धरून बसवतो."

"मंग खाली बसवतो. पिटात लोक खालीच बसत होते."

"पीट जतन आराखड्यात नाही."

इतक्यात सिनेमा सुरू झाला. दूर पाळीवर छोटा स्पीकर बोलू लागला आणि शाल पांघरून दगडाजवळ बसलेल्या धनीरामने कान टवकारले. टॉकीजमध्ये पूर्ण शांतता होती. काचेच्या पेटीवर दिवा पडला होता. रंभाबाई दारातूनच भोंग्याकडे टक लावून पाहत राहिल्या. त्याच्या तोंडात कोणाचे तरी ओठ हलत होते.

"सुरू झालं का?"

जागेश्वरने होकारार्थी मान हलवली.

त्यांनी भोंग्याच्या दिशेने कान वळवला. मग त्यांनी दोन्ही कान तळहातांनी चोळले.

"गेले रे बापा," त्या म्हणाल्या. "आता मले हे बी आयकू येत नाई. पुरेच गेले कान."

"नाई माय! कान नाई गेले! भोंगाच—" जागेश्वर ओरडला. त्याचे ओठ हलताना त्यांना दिसले. त्यांनी त्याच्या गालावरून हात फिरवला, जसा वाईट बातमी आणणाऱ्याच्या गालावरून फिरवतात, आणि त्या घरी जायला वळल्या.

"थांब माय! थांब!" जागेश्वर द्वाररक्षकाला ढकलून आत धावला. तिला आधी आत बसवू, मग काच फोडू, असा काहीसा त्याचा बेत होता. पहिल्या रांगेत, भोंग्याच्या बरोबर समोर, कडेची खुर्ची होती. पाटीवरचे नाव त्याने वाचले आणि संमतीसाठी फोन लावला.

नाव आपले होते, प्रिय वाचक. आपण फोन उचलला नाहीत. त्या वेळी आपण उद्घाटनाच्या व्हिडिओखाली "गेले ते दिवस" असे लिहून पुढे रडणारा चेहरा टाकत होतात. व्हिडिओ आपण पूर्ण पाहिलात, याची नोंद आहे. आवाज बंद करून.