ग्रीक देवींचं नवरात्र

तुम्हाला म्हणून सांगतो, माझ्याइतका पद्धतशीर माणूस त्या वेळी अख्ख्या दुबईत दुसरा नव्हता! आमच्या घरातल्या डाळींच्या डब्यांनासुद्धा मी नंबर दिलेले आहेत. मुग्धा, म्हणजे माझी बायको, नंबर न बघता सरळ झाकण उघडून बघते, हा भाग वेगळा. तर अशा या पद्धतशीर माणसाने नऊ ग्रीक देवींचा जो काही घोळ घातला, त्याची ही हकिगत.

मंदीचं दुसरं वर्ष होतं. आम्ही अल मनखूलला राहायचो. बिल्डिंगच्या लिफ्टजवळ दर आठवड्याला दुबई सोडून निघालेल्या कुणाचा तरी सोफा येऊन पडायचा. हा कितव्या मजल्यावरचा, एवढं वॉचमनला विचारायचं आणि मान खाली घालून ऑफिस गाठायचं. तिथे गुरुवारची, म्हणजे कामाच्या शेवटच्या दिवसाची धास्ती. गुरुवारी दुपारी एच.आर.चा फोन आला की खलास! व्हिसा कॅन्सल, पोरीच्या शाळेचा दाखला काढा आणि महिन्याभरात गाशा गुंडाळा. आमची कंपनी इंटिरिअरची. मी परचेसमध्ये, आणि कंपनी गेले आठ महिने काहीही परचेस करत नव्हती!

काम एकच उरलं होतं. अबुधाबीतल्या एका नाट्यगृहाची लॉबी. तिच्यात नऊ बायकांचे पुतळे उभे करायचे होते. पुतळे चीनमधून आले. आमचे प्रोजेक्ट मॅनेजर रफिक साहेब भोपाळचे. त्यांनी मीटिंगमध्ये विचारलं, "भाई, ये नौ औरतें हैं कौन? किसी को पता है?"

मला वाटलं, हीच वेळ आहे! ज्याच्यावाचून कंपनीचं अडतं, त्याला कोण काढणार? मी हात वर केला. "सर, ग्रीक पुराणों का मेरा गहरा अभ्यास है!"

अभ्यास कसला डोंबलाचा! मला ग्रीक सॅलड तेवढं माहीत होतं.

"बहुत अच्छे, सुजीत भाई," रफिक साहेब म्हणाले. "आज से ये नौ तुम्हारे ज़िम्मे. पुतलों के हाथ खाली हैं, सामान अलग डिब्बों में आया है. जिसका जो है, उसके हाथ में चिपकवा दो. ईद के बाद अजरा मॅडम देखने आएँगी. उन्होंने ना कहा तो प्रोजेक्ट खलास, और..." त्यांनी नुसतं माझ्याकडे बघितलं.

घरी आल्या आल्या मी आभाला धरलं. आमची कन्या, सहावीत. तिच्याकडे गोष्टींचं एक जाडजूड पुस्तक होतं.

"आभा, या नऊ ग्रीक देव्या कोण गं?"

"बाबा, दे आर नॉट देवीज. दे आर म्यूझेस! दे गिव्ह पीपल आयडियाज."

मग तिने एकेकीची ओळख करून दिली आणि मी वही काढून लिहून घेतली. युरेनिया ग्रहताऱ्यांची, हातात गोल. युटर्पीची बासरी. थेलिया विनोदाची, तिचा हसरा मुखवटा. मेल्पोमिनी शोकांतिकेची, तिच्याकडे सुरा. क्लिओ इतिहासाची, म्हणून ग्रंथ. टर्प्सिकरी नाचाची. अशा नऊ.

मुग्धा भाजी चिरता चिरता ऐकत होती. "आपल्याकडे हे सगळं सरस्वती एकटी बघते," ती म्हणाली. "यांनी एवढ्याशा कामाला नऊ पोस्टी कशाला भरल्या?"

"तेव्हा मंदी नसेल," मी म्हटलं.

दुसऱ्या दिवशी मी जबल अलीच्या वेअरहाउसला गेलो. तिथला फोरमन भिकाजी, लांज्याकडचा. पुतळे चिकटवण्यात, जोडण्यात त्याचा हात धरणारा कुणी नव्हता. देवी म्हटल्यावर त्याने दारातच बूट काढले.

"साहेब, देव्या कुठल्या म्हणायच्या?"

"ग्रीसच्या."

"जागृत आहेत?"

"अरे, अजून इन्स्टॉल व्हायच्यात!"

अडचण एकच होती. भिकाजीला इंग्रजी वाचता येत नव्हतं आणि ती नावं मला मराठीतही नीट म्हणता येत नव्हती. तेव्हा मला ती कल्पना सुचली! नवरात्र तोंडावर आलं होतं. ईद आणि नवरात्र त्या वर्षी हातात हात घालून आले होते. घरी फ्रिजवर मुग्धाचा नवरात्राच्या नऊ रंगांचा कागद लावलेला होताच. पहिल्या माळेला करडा, दुसऱ्या माळेला नारिंगी, असा. नऊ देव्या, नऊ माळा, नऊ रंग! मी पुतळ्यांवर एक ते नऊ आकडे घातले. सामानाची नऊ खोकी त्या त्या रंगाच्या कागदात गुंडाळली.

"भिकाजी, एक नंबरच्या देवीला पहिल्या माळेच्या रंगाचं खोकं. दोन नंबरला दुसऱ्या माळेचं. चुकायला जागाच नाही!"

"चुकतंय कशाला, साहेब? रंगांचा कागद आमच्या खोलीत भिंतीलाच आहे. मंडळींनी गावाहून धाडलान."

मी इतका खूश झालो की काही विचारू नका. आणि मी खरोखरच काही विचारलं नाही! ईदच्या सुट्टीत मी वेअरहाउसला फिरकलोही नाही. सिस्टिम लावून दिल्यावर माणसाने घरी बसून शिरा खावा, असं माझं मत होतं. भिकाजी बिचारा सुट्टीच्या दिवशी काम करत होता. संध्याकाळी त्याचा फोन आला. "झालं, साहेब. नऊच्या नऊ. आता हत्तीने ओढलं तरी निघायचं नाही!"

पाहणीच्या दिवशी सकाळी नऊला मी वेअरहाउसमध्ये पाऊल टाकलं आणि तिथेच थिजलो.

युटर्पी दोन्ही हात ओठांपाशी नेऊन उभी होती. बासरीसाठी. पण हातात गोल! अख्खी पृथ्वी तिने बुंदीच्या लाडवासारखी तोंडाला लावली होती. युरेनिया आकाशाकडे हसरा मुखवटा धरून ग्रहांना वाकुल्या दाखवत होती. टर्प्सिकरी एक पाय उचलून गिरकी घेता घेता इतिहासाचा ग्रंथ उघडून हजेरी घेत होती. आणि थेलिया! विनोदाची देवी! ती सुरा उगारून खदखदून हसत होती. तिच्या जवळ जायची माझी छातीच होईना.

"भिकाजी!! हे काय?"

"काय झालं, साहेब? तुम्ही सांगितलंत तस्संच केलंय." त्याने खिशातून घडी घातलेला कागद काढला. "पहिली माळ, लाल. दुसरी, निळा."

मी घरी फोन लावला. "मुग्धा! पहिल्या माळेचा रंग कुठला?"

"करडा. कुणाला हवाय?"

"भिकाजीच्या कागदावर लाल आहे!"

"मग तो गेल्या वर्षीचा असेल. अरे, रंग दर वर्षी बदलतात! तेरा वर्षं माझ्याबरोबर राहतोस, एवढं माहीत नाही तुला?"

नव्हतं. मला वाटायचं, एकदा ठरले की ठरले. कागदाच्या कोपऱ्यात वर्ष छापलेलं होतं. बारीक अक्षरात, पण मराठीत!

पाहणी अकराला होती. म्हणजे दोन तास. मी युटर्पीच्या हातातला गोल धरून ओढला. हलेना. भिकाजीने हीट गन आणली. गोल तापला, मी भाजलो, डिंक तसाच. मी एक पाय चौथऱ्याला लावून सगळा जोर काढला आणि कट्कन आवाज आला. माझ्या हातात देवीची करंगळी!

"शिव शिव शिव!" भिकाजीने कानाला हात लावले.

तेवढ्यात बाहेर गाडी थांबली. दहासुद्धा वाजले नव्हते! रफिक साहेबांचा आवाज आला, "यल्ला, चलो चलो, सुजीत भाई! मॅडम जल्दी आ गईं!"

अजरा मॅडम या क्लायंटच्या आर्किटेक्ट. मूळच्या कराचीच्या, अबुधाबीत बारा वर्षं, आणि बोट ठेवलं की चूक सापडते अशी ख्याती. त्यांनी हस्तांदोलनासाठी हात पुढे केला. माझ्या उजव्या मुठीत करंगळी! मी ती मूठ तशीच छातीवर ठेवून कमरेत वाकलो. त्यांना माझी अदब आवडली असावी. मग त्यांनी पुतळ्यांकडे पाहिलं.

रफिक साहेबांचा चेहरा पांढराफटक पडला. ते माझ्या कानाशी येऊन दात आवळून म्हणाले, "ये क्या तमाशा है? किसने किया?"

खोटं कशाला बोलू? भिकाजीचं नाव माझ्या जिभेच्या टोकावर आलं होतं. एक शब्द टाकला असता तर मी सुटलो असतो. त्याला परत लांज्याला धाडायला कंपनीला अर्धा दिवसही लागला नसता. मी त्याच्याकडे पाहिलं. तो कोपऱ्यात अनवाणी उभा होता, हातात तो कागद. आणि तोच पुढे सरकला! "साब, वो मैंने..."

माझी मलाच लाज वाटली. इतकी की मी ओरडलोच, "मैंने किया, सर! जानबूझ के!"

आता जानबूझ के म्हटल्यावर कारणही द्यायला हवं. मुठीत करंगळी, नजरेसमोर लिफ्टपाशी पडलेला आमचा सोफा.

"मॅडम, ये... ये मंदी की म्यूझेस हैं! आधा स्टाफ निकल गया. जो बचे हैं, वो एक दूसरे का काम कर रहे हैं. बासरीवाली दुनिया सँभाल रही है, नाचनेवाली हिसाब लिख रही है, और हँसानेवाली के हाथ में... वो... गुस्सा है!"

अजरा मॅडम एकेका पुतळ्याभोवती फिरल्या. थेलियापाशी जरा जास्तच थांबल्या. युटर्पीच्या नऊ बोटांकडे वाकून पाहिलं. "और ये उँगली?"

"कटौती, मॅडम," मी म्हटलं.

आणि त्या हसल्या! हसता हसता डोळे पुसायला लागल्या. "तौबा! ये तो हूबहू मेरे दफ़्तर का हाल है! मैं आर्किटेक्ट हूँ और दो महीने से पार्किंग की पर्चियाँ बाँट रही हूँ! मंज़ूर है. ऐसे ही लगाइए."

मला तिथल्या तिथे भिकाजीच्या गळ्यात पडावंसं वाटलं. पण मॅडमचं बोलणं संपलं नव्हतं.

"बस एक बात," त्या म्हणाल्या. "जब हर एक दूसरी का काम कर ही लेती है, तो नौ क्यों? बजट भी कटा है. चार भेज दीजिए."

रफिक साहेबांनी मान हलवली. मग त्यांनी त्या नऊ जणींकडे पाहिलं, मग माझ्याकडे, मग पुन्हा त्यांच्याकडे. हळूहळू त्यांच्या चेहऱ्यावर एक तेज पसरत गेलं. माणसाला कल्पना सुचताना मी इतक्या जवळून कधीच पाहिलं नव्हतं, आणि मला ते मुळीच आवडलं नाही.

गुरुवारी दुपारी एच.आर.चा फोन आला.

घरी पोचलो तेव्हा मुग्धा दारातच उभी होती. तिच्यामागे आभा. दोघींचे चेहरे एवढेसे झालेले.

"राहिली ना रे नोकरी?" मुग्धाने विचारलं.

"राहिल्या," मी म्हटलं. "तीन."

"तीन?"

"परचेस आहेच. उरलेल्या पाच देव्या वेअरहाउसमध्ये, तिथे ग्रीकचा जाणकार पाहिजे म्हणून आता स्टोअरकीपरही मीच. आणि सकाळी पाच वाजता भिकाजीच्या माणसांना कामगारांच्या कॅम्पवरून आणायचं, त्या बसची हजेरीही माझ्याकडे. भिकाजीची नोकरीही राहिली, पण आता तो मला साहेब म्हणताना हसतो."

"बाबा, दॅट्स थ्री प्रमोशन्स!" आभा ओरडली.

"आणि पगार?" मुग्धा म्हणाली.

मी बूट काढायला खाली वाकलो. तुम्हाला म्हणून सांगतो, त्या दिवशी बूट काढायला मला फार वेळ लागला.