दारातल्या चपला

"आज सहाच्या आत घरी या. नाहीतर पोरगी तुमची वाट बघायचीच सोडून देईल," असं बायकोनं सकाळी बजावलं होतं. आणि आता पाच वाजत आले, तरी नकाशेवाल्याच्या पडद्यावरच्या शहरात अजून नऊशे घरं बसवायची होती. नव्या घरागणिक संगणक धापा टाकत होता.

कचेरीतल्या मुख्य बाई मागे येऊन उभ्या राहिल्या. "अहो, दर वेळी नवं घर कशाला काढताय? एकच काढा आणि लहानमोठं करून लावत सुटा. एकदा केलेलं माप हा संगणक जपून ठेवतो. तेच माप परत आलं की नवं करत बसत नाही, जुनंच पुढे करतो."

"कुठलं घर काढू?"

"तुमचंच काढा. तेवढीच घराची आठवण!"

बाई हसल्या, पण त्याला ते लागलं. त्यानं मन लावून आपलं घर काढलं. उतरतं छप्पर, वरच्या मजल्यावरची कडी न लागणारी खिडकी, खिडकीत बसून जावयाच्या येण्याच्या वेळा टिपणारे सासरे. शेवटी पायरीवर स्वतःच्या चपला काढल्या, डाव्या पट्ट्याला काळ्या दोऱ्याची शिवण घातलेल्या. चपला दारात म्हणजे माणूस घरात. निदान नकाशात तरी आपण वेळेवर आलो, म्हणून त्याला बरं वाटलं.

मग घरं भराभर बसू लागली. पडद्यावर सारखा प्रश्न येई, 'या मापाचं आधीच आहे. तेच वापरू?' तो दाबे, 'होय'. होय, होय, होय. साडेपाचला शहर पुरं झालं आणि गडी शीळ घालत बाहेर पडला.

बाहेर त्यानं काढलेलंच शहर उभं होतं; कोपऱ्यावरच्या घराचीही कडी न लागणारी खिडकी पाहून त्याला गंमत वाटली. त्या खिडकीत सासरे होते.

"मामा, तुम्ही इथे?"

"मी इथेच असतो," सासरे म्हणाले.

पुढच्या घरातही तेच सासरे. त्यापुढचं घर त्याच्या कमरेइतकं होतं आणि त्यातले वीतभर सासरे बारीक आवाजात म्हणाले, "पावणेसहा." चौकातल्या थोरल्या घरात सासऱ्यांचं डोकं रांजणाएवढं. ते नुसते त्याच्याकडे बघत राहिले. नकाशेवाल्याची बोबडी वळली. एक सासरे सांभाळताना नाकी नऊ येतात, इथे नऊशे!

आता आपलं घर ओळखायचं कसं? सहाला पाच मिनिटं उरली होती. तेवढ्यात त्याला पायरीवरच्या चपला दिसल्या. इथे अंगठ्याएवढ्या, तिथे होडीएवढ्या. तो हरखला. ज्या चपला पायाला बसतील, ते घर आपलं! गल्लीगल्लीत तो पाय घालून बघत धावला आणि सहाच्या ठोक्याला एका पायरीवरच्या चपलांत पाय अचूक बसला. काळी शिवणसुद्धा जिथल्या तिथे.

"आलो गं, आलो!" तो ओरडला. मग त्याचं लक्ष पायरीखाली काढून ठेवलेल्या स्वतःच्या चपलांकडे गेलं. त्यांच्याही डाव्या पट्ट्याला काळी शिवण होती.

आतून पोरगी खिदळल्याचा आवाज आला. पाठोपाठ एक पुरुष मोकळेपणी हसला. ते हसू त्याच्या ओळखीचं होतं. कित्येक महिन्यांत तो स्वतः तसं हसला नव्हता. त्यानं दार ठोठावलं.

वरच्या खिडकीतून सासऱ्यांनी डोकावलं. "कोण पाहिजे?"

"मामा, मी! तुमचा जावई!"

सासऱ्यांनी त्याला डोक्यापासून पायापर्यंत नीट मापून घेतलं.

"या मापाचा आधीच आहे," ते शांतपणे म्हणाले. "वेळेवर येतो. तोच वापरू?"

आणि मघाच्या सवयीनं नकाशेवाल्याच्या तोंडून निघून गेलं, "होय."