बाप झाला एल्डन

नगर कचेरीत पुरुष दिसला की "सही इथं" म्हणून बापाच्या ओळीवर बोट ठेवायचं, हा थेल्माबाईंचा बत्तीस वर्षांचा शिरस्ता. कायदा बदलला, अर्ज बदलला. पण बोटाला कोण सांगणार?

हेस्टर त्या दिवशी सकाळपासून पोटात काही न घेता आली होती. तान्ह्या विनीला जन्म दिला तिच्या जोडीदारणीनं, लेटीनं, वीर्यदात्याच्या मदतीनं. दोघी बिनलग्नाच्या एकत्र राहत, त्यामुळे जुन्या कायद्यानं हेस्टरला आपलीच मुलगी दत्तक घ्यावी लागली असती. आता या अर्जावर सही केली की ती आई. साक्षीला शेजारचा एल्डन आला होता, सत्तरीचा सडाफटिंग, स्वतःच्या बोटीनं समुद्रात शेवंड पकडणारा.

लेटीनं सही केली. तेवढ्यात विनी हेस्टरच्या खांद्यावर दूध ओकली. हेस्टर पुसायला वळली, थेल्माबाईंचं बोट सवयीनं हेस्टरच्या ओळीवर टेकलं आणि चष्मा घरी विसरलेल्या एल्डननं झोकात सही ठोकली. वर शिक्काही पडला.

"अभिनंदन, बाप झालात," थेल्माबाई म्हणाल्या.

"कोण?" एल्डननं मागं वळून पाहिलं.

चूक दुरुस्त होण्यासारखी होती, पण कागद आधी राजधानीत नोंदून परत यायला हवा होता. मधल्या काळात विनीची लस आली. लेटी कामावर होती, म्हणून हेस्टर तिला घेऊन गेली.

"तुमचं नाव कागदावर नाही," दवाखान्यातली बाई म्हणाली. "वडिलांना बोलवा."

वडील गमबूट घालून आले.

"दूध किती वेळा देता?" नर्सनं विचारलं.

"मी फक्त शेवंडांना चारा घालतो."

"सात वेळा," हेस्टर म्हणाली. "सगळं मला ठाऊक, आणि परवानगी मात्र ह्यांची."

सुई दिसताच वडिलांनी डोळे मिटले ते घरी निघेपर्यंत.

गावात खानावळवाली एल्डनला "लेक काय म्हणते?" विचारून केक फुकट देऊ लागली. तो खुलायचा, हेस्टरच्या अंगाचा तिळपापड व्हायचा. तिनं त्याच्याशी बोलणंच टाकलं.

महिन्यानं कागद कचेरीत परत आला. रद्द करायच्या अर्जावर एल्डनची सही हवी होती. या खेपेला तो चष्मा लावून अक्षरन् अक्षर वाचत बसला.

"करताय ना सही?" हेस्टरनं विचारलं.

"केली की." त्यानं सही करून अर्ज सरकवला. "पोर तुझीच, ते मला दवाखान्यातच कळलं. पण..."

"पण काय?"

"आमच्यात बोटीला लेकीचं नाव देतात. माझी बोट चाळीस वर्षं बिननावाचीच होती. मागच्या आठवड्यात 'विनी' लिहिलंय, रंगाचे दोन हात दिलेत. तेवढं खरवडायला लावू नको."

हेस्टरला एकदम रडूच आलं. महिनाभराचा राग कुठच्या कुठे गेला.

"राहू द्या," ती म्हणाली. "पण पोरीला बोटीत बसवायच्या आधी आईला विचारायचं."

"कुठल्या?"

हेस्टरनं त्याच्या हातातलं पेन घेतलं, नव्या अर्जावर लेटीच्या नावाखालच्या ओळीत आपली सही केली.

"आता दोघींना."