बखर तीन बिनआईच्या सरदारांची

॥ श्रीविद्युद्देवी प्रसन्न ॥ साहेबांचे सेवेसी विनंती ऐसी जे, आज्ञा जाहली की समुद्रापलीकडे जर्मन मुलखात तिघां सरदारांनी माणसांवाचून वाजणाऱ्या गाण्याचे राज्य उभारिले आणि ते राज्य एका पातेल्यापुढे वाकले, हे वर्तमान खरे की बाजारगप्प, ते साद्यंत लिहून यावे. त्यावरून जे कानी आले ते लिहिले आहे. पदरचा मीठमसाला चवीपुरता पडला असेल, त्याची माफी असावी. राज्याचे नाव आणि शहराचे नाव लिहिले नाही, कारण तिघेही अद्याप हयात आहेत आणि त्यांतील एक फार लवकर रागावतात.

शके एकोणीसशे चार, दुंदुभीनाम संवत्सरी, पौष मासी, थंडी ऐसी की नळाचे पाणी नळातच गोठले, तेव्हा कोळशाच्या खाणींच्या एका शहरी तिघे वीर एकत्र जाहले. थोरले राइनहोल्ट महाराज, हे गाणार. गळा बेताचा, परंतु गालफडे ऐसी वर आलेली की तसबीर पाहणाराने दबून जावे, म्हणून तेच राजे जाहले. दुसरे एग्बर्टपंत प्रधान. यांजपाशी नगारा वाजविणारे यंत्र होते, त्याचे बटण दाबिले की नगारा सुरू होई आणि तेच पुन्हा दाबिले की बंद होई, आणि या दोन्ही कामी पंत इतके गंभीर मुख करीत की पाहणारास वाटावे, काही मोठी मसलत चालली आहे. तिसरे फोल्करराव. राज्याचे खरे बळ यांचे हाती होते आणि ते यांस कोणी सांगितले नव्हते. यांजपाशी सिंथेसायझर नामे यंत्र, त्यास पुढे पेटी म्हणो. तिजवर फिरवायची बटणे इतकी की दृष्टी ठरू नये, आणि एक बटण तिळभर हलले की बासरीची म्हैस होई, आणि पेटीस स्मरण म्हणून नाही, आज कोणता सूर काढिला ते उद्या सांगता येत नसे. आणि राजधानी म्हणाल तर फोल्कररावांच्या मातोश्री हेडविगबाई यांचे स्वयंपाकघर. कारण महाराजांचे शेजारी भांडत, पंतांचे खोलीत पंतच मावत नसत, आणि हेडविगबाई विधवा, एकुलता एक लेक, त्यांस घरात चार माणसे असली म्हणजे बरे वाटे. पेटी चुलीशेजारी मांडली, कारण भिंतीत प्लग तेवढा तेथेच होता. मग तिघे वाजवू लागले आणि बाई बटाटे उकडू लागल्या आणि उसना आणिलेला टेप रेकॉर्डर सुरू केला आणि पेटीतून एक सूर निघाला, तो सरळ न चालता मधेच थरथरे, आणि ऐकणाराचे अंगावर काटा उभा राही. त्या सुरावर पहिली तबकडी निघाली.

त्या तबकडीने हॉलंड घेतले आणि बेल्जम घेतले आणि डेन्मार्काने लढाईवाचून तह केला आणि इंग्रज नाक मुरडीत मुरडीत पुन्हा पुन्हा ऐकत बसले. या गाण्यास तिकडे सिंथ-पॉप म्हणतात. वर्तमानपत्रांनी लिहिले की, ऐसे थंडगार, बर्फासारखे, निर्जीव संगीत मनुष्याचे हातून होणे नाही. हे वाचून महाराज खूश जाहले आणि त्यांचे डोक्यात वारे शिरले. त्यांनी हुकूम काढिला की, आजपासून आपण तिघे मनुष्य नव्हे, यंत्रे. चारचौघांत हसणे नाही, खाजविणे नाही, काही खाणे नाही; गाणे संपले की दिवे विझेपर्यंत पुतळ्यासारखे उभे राहणे; आणि फोल्कररावांनी लोकांपुढे बोलणे ते कंठयंत्रातून. हे कंठयंत्र म्हणजे ऐसा माइक की त्यात माणूस बोलला तर पत्र्याचा डबा बोलल्यासारखे बाहेर येई. पोषाख रुपेरी ठरला आणि महाराजांची विजार इतकी तंग शिवली गेली की सिंहासन असते तरी बसता आले नसते.

मग एक दिवशी मोठा दरबार भरला, वर्तमानपत्रवाले आले, त्यांत चष्मा लाविलेला एक खोचक गृहस्थ होता. त्याने फोल्कररावांस पुसिले, "हे सूर तुम्हांस सुचतात कसे? घरी कोण असते? आई काय म्हणते?" फोल्कररावांचे तोंडावर आले होते की, आई म्हणते आवाज कमी करा. परंतु महाराजांनी डोळे वटारिले आणि फोल्करराव भ्याले आणि कंठयंत्रात म्हणाले, "आम्हांस आई नाही. आम्ही कारखान्यात जन्मलो." सभेत वाहवा जाहली. दुसरे दिवशी तेच शब्द मोठ्या अक्षरांत छापून आले आणि हेडविगबाईंनी ते मासळीच्या दुकानात, इतर चार बायकांदेखत वाचिले. फोल्करराव घरी आले तेव्हा बाई बटाटे सोलीत होत्या. मान वर न करता बोलल्या, "कारखान्यात जन्मलास होय रे? मग माझ्या पोटावर हे टाके कोणी घातले? फोरमनने?" फोल्करराव म्हणाले, "अगं आई, ते गाण्यापुरतं असतं. तसं बोलावं लागतं." बाई म्हणाल्या, "असेल बाबा. यंत्राला जेवण लागत नाही ना? मग हे मी एकटीपुरतेच सोलते." आणि खरोखर एकटीपुरतेच सोलिले. फोल्कररावांस त्या दिवशी फार वाईट वाटले. परंतु महाराजांची गाडी खाली भोंगा वाजवीत होती, म्हणून ते तैसेच उपाशी निघून गेले, आणि पुढे घरी जाणे लाजेने टळत राहिले.

इतक्यात तबकडी-सरकार, म्हणजे ज्यांच्या छत्राखाली या तबकड्या निघत ती मोठी पेढी, तिने प्रसन्न होऊन नवा ध्वनिमुद्रणाचा महाल दिला. भिंती पांढऱ्या, जमीन पांढरी, गार हवा सोडणारी यंत्रे अष्टौप्रहर चालू, आत माशी शिरली तर तिला सर्दी व्हावी. पेटीवरील एकेक बटण होते त्या जागी चिकटपट्टीने बांधिले आणि पेटीस रजईत गुंडाळून, नव्या नवरीस नेतात तैसे जपून महालात नेले. फोल्कररावांनी पट्टी पट्टी तपासिली, बटण केसाइतके हलले नव्हते. मग पहिला सूर दाबिला. तो सूर सरळ आला, थरथर नाही, कंप नाही, पडसे जाहलेल्या बदकासारखा आला. पुन्हा दाबिला, पुन्हा बदक. एग्बर्टपंतांनी मसलत दिली की नगारा मोठा करावा म्हणजे बदक दबेल. ते केले. मग नगाऱ्यासह बदक ऐकू येऊ लागले. दिवसामागून दिवस गेले, विलायतेहून जाणते आणविले, त्यांनी पेटी उघडून पाहिली आणि मिटून ठेविली. महाराज बोलिले, "फोल्करराव, तुम्ही फितूर जाहलात. तुम्ही मुद्दाम बिघडविली." फोल्करराव म्हणाले, "महाराज, मला बिघडविता येते इतकी अक्कल असती तर दुरुस्तही केली असती." शेवटी तबकडी-सरकारचा निरोप आला की, येत्या महिन्यात भर सभेत गावे, तेथेच ध्वनिमुद्रण होईल, तोच थरथरता सूर वाजला तर उत्तम, न वाजला तर राज्य खालसा.

तेव्हा फोल्करराव हतबल जाहले आणि पेटी टेंपोत घालून भर दुपारी मातोश्रींच्या दारी उभे राहिले. बाईंनी दार उघडिले, पेटीकडे पाहिले, लेकाकडे पाहिले, म्हणाल्या, "वाळलास की रे." पेटी पूर्वीच्याच जागी चुलीशेजारी लाविली, कारण प्लग अजून तेथेच होता. सूर दाबिला, बदक. बाईंनी न पुसता पातेले चढविले, कारण लेक इतक्या दिवसांनी घरी आला होता आणि राग असला तरी त्याला उपाशी ठेवण्याइतका नव्हता. मग पाणी उकळले आणि वाफ निघाली आणि खिडकीच्या काचा पांढऱ्या जाहल्या आणि पेटीचा पत्रा ओलसर कोमट जाहला आणि फोल्कररावांनी केवळ सवयीने बोट ठेविले, तो सूर थरथरला! ताठ उभे राहून त्यांनी खिडकी उघडिली, थंड वारा आला, थरथर गेली. खिडकी लाविली, थरथर आली. बाईंनी बटाटा टोचून पाहण्यास झाकण उचलिले, वाफेचा लोट पेटीवर गेला आणि सूर ऐसा गदगदला की फोल्कररावांचे डोळ्यांत पाणी आले. ज्या सुरास साऱ्या युरोप खंडाने बर्फ म्हटले, तो सूर बटाट्याच्या वाफेचा होता! ते खो खो हसू लागले आणि हसता हसता रडू लागले आणि म्हणाले, "आई, मी चुकलो. मी फार वाईट बोललो." बाई म्हणाल्या, "मला इथे चुलीपाशी सांगून काय होणार? तिथे चारचौघांत म्हणालास. त्या मासळीवालीला अजून वाटतं मी तुला कुठूनतरी विकत आणला." फोल्कररावांनी मान खाली घातली, कारण चारचौघांत ते म्हणणे म्हणजे महाराजांची आज्ञा मोडणे आणि राज्यास मुकणे. मग त्यांनी येत्या सभेचे संकट सांगितले. बाई म्हणाल्या, "बरं, पेटीला थंडी वाजते म्हणतोस, तर येते मी. पेटीने माझं काही वाईट केलं नाही."

हे ऐकून महाराजांस घेरी आली. म्हणाले, "आई? मंचावर? त्यापेक्षा हीटर लावा." हीटर लाविला, त्या कोरड्या धगीने पेटी करवतीसारखी ओरडू लागली. एग्बर्टपंत म्हणाले, बटाटे मी उकडतो. पंत पातेल्यात पाणी घालणेच विसरले आणि महालात धूर कोंडला. तेव्हा पंतांनीच तोड काढिली की, बाईंस रुपेरी पोषाख घालावा आणि चौथे यंत्र म्हणून उभे करावे, कोणास कळते! महाराजांनी नाइलाजे रुकार दिला.

मग सभेचा दिवस आला, दिवाणखाना माणसांनी फुलून गेला, तबकडी-सरकारचे अंमलदार टेप फिरवून बसले, पहिल्या रांगेत तो चष्मेवाला खोचक गृहस्थ. पडदा उघडला. पुढे तिघे पुतळे, मागे शेगडी, तिजवर पातेले, आणि रुपेरी एप्रनात हेडविगबाई. बाई हसल्या नाहीत, पापणी हलविली नाही, कारण शेगडीची आच मंद होती आणि त्यांचे सारे लक्ष तिकडेच होते. लोक आपसांत म्हणाले, हे चौथे यंत्र सर्वांत उत्तम साधले आहे. मग पंतांनी बटण दाबिले आणि नगारा सुरू जाहला आणि बाईंनी झाकण उचलिले आणि तो सूर उठला, आणि अंमलदार टेपकडे पाहणे विसरून पातेल्याकडे पाहू लागले. महाराजही त्या रात्री बऱ्यापैकी सुरात गायिले. राज्य वाचले.

गाणे संपले. आज्ञेप्रमाणे तिघे पुतळे जाहले. दिवे विझण्यास अद्याप अवकाश होता आणि सभा श्वास धरून होती. इतक्यात बाईंनी काट्याने बटाटा टोचून पाहिला, काटा आरपार गेला, आणि जन्मभराच्या सवयीने त्या वळून म्हणाल्या, "फोल्कर, शिजले रे. ये, खाऊन घे, सकाळपासून पोटात काही नाही तुझ्या." कंठयंत्राचा माइक जवळच होता. दिवाणखाना भरून पत्र्याच्या आवाजात तेच ऐकू आले. महाराजांनी ओठ न हलविता म्हटले, "हलू नका. हललात तर तुम्ही आमचे नव्हे." पुढच्या रांगेतून तो चष्मेवाला ओरडला, "हे चौथे यंत्र कोणत्या कारखान्याचे?" लोक हसले. फोल्कररावांनी पाहिले, बाईंनी काटा खाली ठेविला होता आणि त्या एप्रनास हात पुसत होत्या, पुसलेलेच पुन्हा पुसत होत्या. मग ते पुतळेपण सोडून माइकाकडे वाकले आणि म्हणाले, "यंत्र नव्हे. ही माझी आई." परंतु तेही पत्र्याच्या डब्यातूनच आले आणि लोकांस तो खेळाचाच भाग वाटला, टाळ्या पडल्या. तेव्हा फोल्कररावांनी कंठयंत्राची तार उपटून फेकिली, माइक तोंडाशी धरिला, आणि आपल्या खऱ्या, पातळ, घाबरलेल्या आवाजात म्हणाले, "मी खोटं बोललो होतो. ही माझी आई आहे, हेडविग. तिच्याच चुलीपाशी हे सगळं झालं. आलो गं आई." आणि जाऊन पातेल्यातला बटाटा उचलून सर्वांदेखत तोंडात घातला.

कोणी टाळी वाजविली नाही. मग मागल्या रांगेत एक जाडजूड बाई, हाती विणलेला गळपट्टा, उठून उभी राहिली आणि हाक मारिली, "राइनहोल्ट! मग तुझी आईही आलीय रे!" महाराज दचकून तिकडे वळले, ती विजार उसवली, आणि त्यांस हसू फुटले. एग्बर्टपंतांस काय करावे ते सुचेना, म्हणून त्यांनी बटण दाबिले. तेव्हा नगाऱ्यावर सारा दिवाणखाना उठून नाचू लागला.

तात्पर्य येणेप्रमाणे. राज्य पुढे थोडीच वर्षे चालले, मग स्मरण असलेल्या आणि थंडी न वाजणाऱ्या पेट्या निघाल्या आणि तिघे आपापल्या घरी गेले. तबकडी-सरकारने त्या सभेची तबकडी काढितेवेळी शेवटचा गलबला कापावयास काढिला होता, परंतु फोल्करराव म्हणाले, कापाल तर सूरही कापा. म्हणून तो तैसाच राहिला. मासळीवालीकडे ती तबकडी आहे आणि गिऱ्हाइकांस ती शेवटचा भाग मुद्दाम ऐकविते. गाणे संपते, काटा पातेल्यास लागल्याचा आवाज होतो, लेकाने भरल्या तोंडी काही म्हटलेले असते ते कळत नाही, आणि सुई उचलण्यापूर्वी एक बाई म्हणते, "फुंकून खा रे. तोंड पोळेल."