कांताकाकूंची पोळ्यांची भिंत

कांताकाकूंनी मला उपाशी राहण्यापासून वाचवलं, हे आधी सांगते. त्यांचा चक्रमपणा नंतर.

हिंगणघाटच्या एका सूतगिरणीतल्या आम्हा दहा मुलींची मेस त्या चालवतात. स्वयंपाकघराच्या भिंतीवर प्रत्येकीचं नाव, खाली खडूच्या रेघा. एक रेघ म्हणजे एक पोळी. महिन्याची पाळी आली की काकूंना सांगायचं, मग त्या तिथे गोल काढतात. कोणी लाजली की म्हणतात, "लाजून राह्यली काय? मंग कणिक किती भिजवू मी?"

मी नंदुरबारकडची. आठवीत शाळा सुटली. घरी वहिनी माझ्या भाकरी मोजायची. तिसरीला हात लावला की म्हणायची, "पोट आहे का कणगी?" त्या एका वाक्यापायी मी इतक्या लांब आले. आणि इथे भिंतीवर माझं नाव, खाली रेघा.

मी धसकाच घेतला. त्यात पाळीच्या आधी आठवडाभर मला नुसती भूक भूक व्हायची. मी दोन पोळ्यांवर उठायचे आणि वर तांब्याभर पाणी प्यायचे. पाचव्या दिवशी मशीनपाशी चक्कर येऊन पडले.

खोलीवर आणलं तेव्हा काकू भिंत बघून आल्या होत्या.

"तुहा गोल जवळ आला. या आठवड्यात तुह्या रेघा वाढाले पायजे होत्या. कमी काऊन झाल्या?"

"जास्त खाल्लं तर काढून टाकाल म्हणून."

काकू खालीच बसल्या. "अवं, कोन उपाशी उठली ते पाहाले मोजतो मी."

मग त्यांनी गिरणीच्या नर्सबाईंकडून ऐकलेलं त्यांच्या भाषेत सांगितलं. "बाईच्या अंगात दोन जावा राह्यतात. थोरली इस्ट्रोजेन. महिन्याच्या मधात तिचा जोर, ते वाढनारीचा हात धरते, बस म्हनते. मंग धाकटी येते, प्रोजेस्टेरॉन. ते म्हनते, वाढ अजून. हे भूक धाकटीची हाय पोरी. तू खादाड नाईस."

त्या दिवशी मी सहा पोळ्या खाल्ल्या. आता आमच्यात कोणी चौथी पोळी मागितली की बाकीच्या विचारतात, "धाकटी आली वाटते?"

परवा भिंत पुसताना सगळ्यात खाली एक नाव दिसलं, कांता. खाली एकही रेघ नाही.

"काकू, तुमच्या रेघा?"

"मी कुठं बसून खातो? तव्यापाशी, उभ्यानं." त्यांनी पोळी उलटली. "सासू मोजे माह्या पोळ्या. वीस वर्सं. ते गेली. आता कोनीच मोजत नाई."

एक दिवस मी काकूंना पाटावर बसवणार आहे. पोळ्या मी लाटीन. त्यांच्या नावाखाली रेघा ओढीन, आणि त्या उठायला लागल्या की आणखी एक वाढीन.