सरळ केलेला सिनेमा

माझी स्कूटर चोरीला गेली तेव्हा मी धापा टाकत शेजारच्या खैरनारसाहेबांकडे धावलो. म्हटलं, "साहेब, स्कूटर गेली!" साहेब शांतपणे म्हणाले, "घेतली कधी?" घेतल्यापासूनची हकीकत सांगेपर्यंत चोर पाथर्डी फाटा ओलांडून गेला असणार.

"क्रम म्हणजे क्रम" हे त्यांचं ब्रीद. तीस वर्षं अंबडच्या कारखान्यात माल तपासण्यात गेलेली. पानात पोळीआधी आमटी पडली, तर पोळी येईपर्यंत ते आमटीकडे बघतसुद्धा नाहीत.

अशा माणसानं गुंडांच्या एका घराण्यावरचा तीन भागांचा जुना विदेशी सिनेमा पाहिला. त्यात गोष्ट सारखी मागेपुढे उड्या मारते. साहेबांची झोप उडाली. निवृत्त झाल्यावर ते लॅपटॉप शिकले, तिन्ही भाग कापले आणि जन्मापासून मरणापर्यंत सगळं ओळीनं जोडलं. त्यात दोन वर्षं गेली. "गुंडांचं घर लावतायत, स्वतःचं कपाट लावायला नको," असं वहिनी येताजाता म्हणायच्या.

गेल्या रविवारी दुपारी त्यांनी मला सिनेमा बघायला बोलावलं. गेलो आणि दारातच थबकलो. सोफ्यावर त्यांचा धाकटा भाऊ भास्कर बसला होता.

आमच्या इंदिरानगरच्या गल्लीत ती हकीकत सगळ्यांना ठाऊक आहे. भास्करचं अंबडलाच छोटं वर्कशॉप होतं. त्यानं कारखान्याला दिलेला माल तपासायला साहेबांकडेच आला. साहेबांनी केसाएवढा फरक काढला आणि सगळा माल परत पाठवला. वर्कशॉप बुडालं. भास्कर वणीकडे शेती करायला गेला, आणि अकरा वर्षं भावाभावांत बोलणं नाही. आज वहिनींनी शपथ घालून त्याला आणलं होतं.

सिनेमा सुरू झाला आणि मला एकदम आठवलं. मूळ सिनेमा मी पाहिलेला. त्यात थोरला भाऊ स्वतःच्या हातानं धाकट्याला पोलिसांच्या ताब्यात देतो. हे या दोघांनी शेजारी बसून बघायचं?

"वहिनी, जरा चहाचं बघता?" मी सुचवून पाहिलं.

"मध्ये कोणी उठायचं नाही," साहेब म्हणाले.

बालपण संपलं. दोघं भाऊ तरुण झाले. थोरल्यानं दार उघडलं, बाहेर पोलीस उभे. भास्करनं पायाशी ठेवलेली पिशवी उचलून मांडीवर घेतली. वहिनींनी डोळे मिटले.

आणि पडद्यावर एकदम थोरला दिसला तो म्हातारा झालेला, तुरुंगाच्या भिंतीशी बसून रडणारा. हा तर तिसऱ्या भागाचा शेवट! माझ्या तोंडून निघून गेलं, "साहेब, क्रम चुकला. हे वीस वर्षांनंतरचं आहे."

साहेबांनी सिनेमा थांबवला.

"चुकला नाही," पडद्याकडेच बघत ते म्हणाले. "त्यानं त्याच दिवशी रडायला हवं होतं. त्याला जमलं नाही. म्हणून मी इथं आणून लावलं."

मला माझ्या आगाऊपणाची लाज वाटली. भास्कर पिशवीचे बंद बोटाला गुंडाळत राहिला. आता हा उठून जाणार, असं मला वाटलं.

"माल चुकलाच व्हता, दादा," तो म्हणाला. "त्याचं काय नाय. पण त्या दिवशी संध्याकाळी तू माझ्या घरी यायला पायजे व्हतं."

"हो," साहेब म्हणाले.

भास्करनं पिशवी कोपऱ्यात नेऊन ठेवली. "वहिनी," तो म्हणाला, "रात्री माझ्यापण दोन भाकरी टाका. उद्या जाईन."