ओढ्यातलं सोनं आणि सासऱ्यांचा पाइप

मी एकदा मनावर घेतलं की ब्रह्मदेवाचा बापही मला अडवू शकत नाही! सासरे तर नाहीच नाही.

त्याचं झालं असं. बायकोची लग्नातली अंगठी तीस वर्षं भांडी घासून दोऱ्याएवढी झिजली आणि एका सकाळी तिचे दोन तुकडे झाले. बायकोनं तुकडे बशीत ठेवले आणि ती दिवसभर रिकामं बोट चोळत राहिली. मला ते बघवेना. सोनार म्हणाला, "जोडायला थोडं सोनं घालावं लागेल."

"घालू की! आणि विकतचं नाही, मी स्वतः काढलेलं!"

घरामागच्या ओढ्यात सोन्याचे कण सापडतात, असं सगळेच म्हणतात. युक्तीही सोपी. पाइपचं एक टोक वरच्या डोहात, दुसरं खाली पन्हळीत. पंप नको, वीज नको, पाणी उतारानं आपलं आपण येतं. पन्हळीत वाळू टाकायची. वाळू वाहून जाते, जड सोनं तळाच्या रबरी खाचांत अडकतं. खाचा म्हणजे आमचं पायपुसणं!

"जावईबापू, पाणी खालीच जातं," सासरे म्हणाले. जन्मभर प्लंबिंग केलेला माणूस. "यात तुमची हुशारी कोणती?"

पाणी सुरू होईना, म्हणून मी पन्हळीवर वाकलो आणि पाइपचं टोक तोंडात धरून पाणी जोरात ओढलं. काय सांगू! चिखल, शेवाळ आणि काहीतरी वळवळणारं, सगळं एकदम घशात! मी ठसकत वाळूच्या ढिगावर पालथा.

"अहो, पाइप बुडवून भरायचा असतो! मग खालचं तोंड अंगठ्यानं दाबून आणायचं!" सासऱ्यांनी तसं केलं आणि पाणी धो धो सुरू झालं.

दहा फावडी वाळू टाकली असेल नसेल, खाचेत काहीतरी चमकलं! कण कसला, चांगला नखाएवढा तुकडा! मी बोंब ठोकत घरात पळालो.

बायकोनं हात पुसून तुकडा उजेडात धरला. "छान वळवलेला आहे हो. आणि ही झिजलेली नक्षी... अहो, बशीतले तुकडे कुठायत?"

माझा हात शर्टाच्या खिशाकडे गेला. ओढ्यातल्या सोन्याशी रंग ताडून बघायला सकाळी मीच घेतले होते. खिसा रिकामा!

"दुसरा?" तिचे डोळे भरून आले होते.

"ओढ्यात," मी कसंबसं म्हणालो.

तिनं चपला काढल्या. "चला."

संध्याकाळपर्यंत आम्ही तिघं गुडघाभर पाण्यात. सासरे पाइप धरून, मी फावडं घेऊन, ती खाचा चाचपत. शेवटी तिनंच दुसरा तुकडा चिमटीत धरून वर केला. मी रडलोच, खोटं कशाला सांगू!

"पुरे आता," तिनं ओल्या हातानंच माझं तोंड पुसलं. "तीस वर्षांत पहिल्यांदाच तुम्ही हरवलेलं शोधायला स्वतः आलात."

ओढ्याचं म्हणाल तर एक कणही मिळाला नाही. सोनारानं आहे त्यातच जोडली. अंगठी लहान झाली, ती करंगळीत घालते आणि काम करता करता मधूनच फिरवते. ते बघून मला फार बरं वाटतं.

परवा शेजाऱ्यानं विचारलं, "खरंच सोनं सापडतं का हो ओढ्यात?"

"सापडतं म्हणजे काय!" मी छाती फुगवली.

आतून सासऱ्यांचा आवाज आला, "पण आधी घरून न्यावं लागतं!"